तीन मिनिटांच्या तबकडीपासून नखाएवढ्या कार्डापर्यंत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खटाव तालुक्यातील एका शाळेतल्या सातवीच्या मुलांनी गावातल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून घेतल्या व मोबाइलवर त्यांचे चित्रीकरण केले. एकूण पाच-सहा तासांचा ऐवज जमला. त्यासाठी तालुक्याच्या बाजारातून ६४ जीबी असे छापलेले एक स्वस्त मेमरी कार्ड आणले होते. दिवाळीच्या सुटीनंतर ते संगणकाला लावले, तेव्हा सगळ्या आज्यांची नावे पडद्यावर दिसली. पण गाणे ऐकू आले ते पहिल्या सहा जणींचेच. बाकीच्या फाइली उघडेनात. आणि त्या सुटीतच त्यांपैकी एक आजी वारली होती.

आवाज साठवण्याच्या साधनाची धारणशक्ती किती आणि तिच्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका नवा नाही. सातारा-सांगलीच्या मुलखाने तो शंभर वर्षांपूर्वीही अनुभवला आहे. कार्ड कसे निवडावे हे पाहण्याआधी तो इतिहास पाहू.

मिरजेचा आवाज

सांगलीपासून जवळच असलेले मिरज तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या घराण्याने येथे सतार-तंबोरे बनवण्याची परंपरा रुजवली. आजही तेथे पिढीजात कारागीर भोपळ्याला दांडी जोडून, जवारी लावून तंबोरे तयार करतात. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. विष्णू दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले ते मिरजेतच. आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ उत्तर भारतातून येऊन अखेर मिरजेतच स्थायिक झाले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाच्या वेळी तेथे गायक-वादक येऊन हजेरी लावतात.

खाँसाहेबांचा आवाज आज आपण ऐकू शकतो तो ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. फ्रेड गेसबर्ग या तंत्रज्ञाने तेव्हा गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९०४-०५ च्या सुमारास, अब्दुल करीम खाँ यांचीही मुद्रणे झाली.

त्या तबकडीची धारणशक्ती मोजणे हे वर्गासाठी उत्तम गणित आहे. दहा इंची तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटे वाजे. म्हणजे काठापासून आतपर्यंत सुमारे २३४ वेढ्यांची एकच अखंड खाच! गाणाऱ्याच्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे, त्याला जोडलेली सुई मेणावर नागमोडी रेघ कोरी. त्यावरून धातूचा साचा करून लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्या दाबून काढत. विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले ते १९२५ पासून.

तीन मिनिटे! मैफलीत तासभर चालणारा राग तीन मिनिटांत कसा मावणार? पुष्कळ उस्ताद सुरुवातीला तबकडीसाठी गायला तयार नसत, त्याचे हेही एक कारण होते. जे गायले त्यांना आलाप आवरता घ्यावा लागला, बंदिश पटकन मांडावी लागली, दोन-चार ताना घेऊन थांबावे लागले. १९३० च्या दशकात निघालेल्या खाँसाहेबांच्या भैरवी व झिंझोटीतल्या ठुमऱ्या अमाप लोकप्रिय झाल्या. त्या आकाराने तबकडीत बसणाऱ्या होत्या. मिरजेच्या मैफलीत त्यांनी तास तास आळवलेले राग मात्र ऐकणाऱ्यांबरोबरच गेले. साठवणीचे साधन जेवढे लहान, तेवढी निवड कठोर.

त्या काळातली आणखी एक पद्धत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत. मेणावरची मुद्रणे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात व तबकड्या तेथे तयार होत. तिथल्या कामगारांना हिंदुस्थानी गायकांचा आवाज ओळखू येणे शक्यच नव्हते. म्हणून नाव तबकडीतच घातलेले बरे. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

सांगलीचे देवल आणि मोजण्याची पट्टी

याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर वेगळ्याच खटपटीत होते. सप्तकातल्या बावीस श्रुती नेमक्या कोठे येतात, हे त्यांना कंपनसंख्येने सिद्ध करायचे होते. १९१० मध्ये त्यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने या कामात रस घेतला आणि प्रात्यक्षिकांसाठी गळा लाभला तो अब्दुल करीम खाँ यांचा. श्रुती दाखवणारी पेटीही बनवून घेण्यात आली. देवलांचे निष्कर्ष सर्वांनी मान्य केले असे नाही. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद झडले. पण गळ्यातून निघणारा अखंड स्वर आकड्यांत पकडण्याचा हा प्रयत्न होता, आणि आजचे मेमरी कार्डही आवाज साठवते ते आकड्यांच्या रूपानेच.

येथे विद्यार्थ्यांचा एक घोटाळा होऊ शकतो. देवल मोजत होते ती स्वराची उंची, म्हणजे सेकंदाला किती कंपने होतात ते. अंकीय ध्वनिमुद्रक मोजतो तो क्षणोक्षणीचा हवेचा दाब. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी असे ठरले की, हा दाब सेकंदाला ४४,१०० वेळा मोजावा आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवावे. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तो नीट पकडायला त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते, म्हणून हा आकडा. प्रत्येक मापाला दोन बाइट, डावी-उजवी अशा दोन बाजू; ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट दर सेकंदाला. तासाला सुमारे ६३ कोटी ५० लाख बाइट झाले.

आता गंमत पाहा. खाँसाहेबांची तीन मिनिटांची एक बाजू या हिशेबाने सुमारे ३ कोटी १८ लाख बाइटांत मावते. ३२ जीबीच्या, म्हणजे ३२ अब्ज बाइटांच्या कार्डावर अशा हजार बाजू बसतील. तेवढ्या तबकड्या वाहायला बैलगाडी लागली असती. मायक्रो एसडी कार्ड मात्र १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड असते.

कार्डाच्या पोटात काय असते?

मेमरी कार्डात ना खाच असते ना फिरणारा भाग. १९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉवन कांग आणि सायमन झी यांनी एक कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमध्ये चारही बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक कप्पा ठेवायचा. त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की वीज बंद केली तरी ते तेथेच अडकून राहतात. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून शून्य किंवा एक ओळखायचा. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये असे अनेक कप्पे एकदम पुसता येतील अशी रचना जगापुढे मांडली, तर १९८७ मध्ये ‘नँड’ ही दाटीवाटीची रचना आली. एका झटक्यात पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी वाटल्यावरून त्यांच्या एका सहकाऱ्याने ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले. १९८८ मध्ये अमेरिकेत सॅनडिस्क ही कंपनी निघाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी संजय मेहरोत्रा हे मूळचे कानपूरचे. एसडी कार्डाचा नमुना १९९९ मध्ये तीन कंपन्यांनी मिळून ठरवला.

विद्युतरोधक थरातून इलेक्ट्रॉन आत-बाहेर ढकलताना तो थर दर वेळी थोडा झिजतो. शिवाय धारणशक्ती वाढवण्यासाठी आता एकाच कप्प्यात इलेक्ट्रॉनांच्या कमी-अधिक पातळ्या ठेवून दोन, तीन, चार बिट कोंबतात. त्यामुळे कार्ड स्वस्त होते. पण पातळ्यांमधले अंतर कमी झाल्याने चूक व्हायची शक्यता वाढते. आणि अडकलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षांत, विशेषतः उष्णतेत, हळूहळू निसटतात. १९०५ ची लाखेची तबकडी जपून ठेवली असेल तर आजही सुईखाली बोलते. कपाटात टाकून दिलेले कार्ड शंभर वर्षे बोलेल, अशी खात्री कोणी देत नाही.

औंधच्या रात्रीसाठी कार्ड

सातारा जिल्ह्यातल्या औंधला अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये संगीत महोत्सव सुरू केला. त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी यांनी तो पुढे चालवला. अशी रात्रभराची एखादी मैफल आयोजकांची व कलावंतांची परवानगी घेऊन मुद्रित करायची आहे, असे समजू. कोणते कार्ड घ्यावे?

धारणशक्ती: सात तासांचे गाणे, कोणतेही आकुंचन न करता, सुमारे साडेचार अब्ज बाइट घेईल. ३२ जीबीचे कार्ड पन्नास तासांना पुरते. तेव्हा २५६ जीबीच्या एका कार्डामागे धावण्यापेक्षा ३२ जीबीची दोन घ्यावीत. एक बिघडले तर सगळे जात नाही. चित्रीकरण करायचे असेल तर हिशेब बदलतो. साध्या प्रतीच्या चित्रीकरणालाही तासाला सात-आठ अब्ज बाइट सहज लागतात.

खूण: ‘एचसी’ अशी खूण असलेली कार्डे ३२ जीबीपर्यंतची असतात, ‘एक्ससी’ त्यापुढची. जुनी यंत्रे ‘एक्ससी’ कार्ड ओळखत नाहीत. यंत्राबरोबरचे माहितीपत्रक आधी वाचावे.

फाइलची मर्यादा: ‘एचसी’ कार्डावर फॅट-३२ नावाची मांडणी असते, तीत एक फाइल सुमारे ४.३ अब्ज बाइटांपेक्षा मोठी होऊ शकत नाही. वरच्या हिशेबाने ही मर्यादा पावणेसात तासांनी गाठली जाते, म्हणजे नेमकी पहाटेच्या भैरवीच्या वेळी! बरीच यंत्रे आपोआप नवी फाइल सुरू करतात. तरी प्रत्येक कलावंतानंतर मुद्रण थांबवून नव्याने सुरू करणे उत्तम.

वेग: कार्डावर वर्तुळात १० हा आकडा असेल तर ते सेकंदाला निदान एक कोटी बाइट लिहिते. आवाजाला लागतात पावणेदोन लाख. म्हणून केवळ आवाजासाठी महागडे वेगवान कार्ड घेणे व्यर्थ आहे.

छापील आकडा: ३२ जीबीचे कार्ड संगणकावर २९.८ दाखवते, ही फसवणूक नव्हे. उत्पादक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, तर पुष्कळ संगणक १०२४ चा तीनदा गुणाकार करून येणारी संख्या धरतात.

आज्यांच्या ओव्या कोठे गेल्या?

ते कार्ड बनावट होते. आत जागा ८ जीबीची. पण कार्डातल्या नियंत्रक चिपला ६४ सांगायला शिकवलेले. खरी जागा संपल्यावर आलेले आकडे चिप एक तर टाकून देते किंवा आधीच्यांवर लिहिते. फाइलींच्या नावांची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, ती शाबूत राहते. म्हणूनच नावे दिसली आणि आवाज हरवले.

यावर उपाय सोपा आहे. नवे कार्ड महत्त्वाच्या कामाला लावण्यापूर्वी काठोकाठ भरावे व सगळे परत वाचून पाहावे. हे काम करणारे एफ-३ किंवा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू असे मोफत प्रोग्राम मिळतात. मुद्रण झाले की त्याच दिवशी संगणकावर व आणखी एका ठिकाणी प्रत काढावी. दोन्ही प्रती वाजवून पाहिल्याखेरीज कार्ड पुसू नये. दर काही वर्षांनी त्यांची नव्या साधनावर पुन्हा प्रत काढावी. कार्ड हे वाहून नेण्याचे साधन आहे, कोठार नव्हे.

आणि एक जुनी सवय पुन्हा लावून घ्यावी. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी विद्यार्थ्याने गाणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव व तारीख स्पष्ट सांगावी. फाइलीचे नाव बदलू शकते, यादी नष्ट होऊ शकते. आवाजातच असलेले नाव आवाजाबरोबर राहते. गौहर जान यांनी १९०२ मध्ये तेच केले होते.

त्या शाळेतल्या मुलांनी पुढच्या वर्षी पुन्हा आज्यांकडे फेरी केली. या वेळी दोन कार्डे होती, दोन्ही आधी भरून तपासलेली. वारलेल्या आजीच्या सुनेला सासूच्या दहा-बारा ओव्या पाठ होत्या. तिने त्या म्हटल्या, आणि आरंभी मुलांनी दोघींची नावे सांगितली.