पदकाची तिसरी बाजू

नाण्याला दोन बाजू असतात असं आपण म्हणतो. लढाईच्या पदकाला तीन असतात. एकीकडे राजाचा किंवा राणीचा मुखवटा, दुसरीकडे विजयाचं चित्र आणि तिसरी बाजू म्हणजे कड. जुनी पदकं जमवणारा जाणकार चित्राकडे नंतर पाहतो. आधी पदक उभं धरून भिंगाखाली कड फिरवतो. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बहुधा तिथेच असते. चित्र लाखो पदकांवर एकच असतं, पण कडेवरची ओळ एकाच माणसाची असते.

पदकाला उर्दूत ‘तमगा’ म्हणतात. हा शब्द मूळचा तुर्की, अर्थ शिक्का. गुराघोड्यांना मालकीची खूण म्हणून जो डाग देत, तोही तमगाच. म्हणजे पदकाच्या नावातच मालक आहे. शिपाई त्यात कुठे आहे, हे शोधायचं तर कड वाचावी लागते.

मी बुलडाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीचा. आमचा भाग पयनघाटाचा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर. या दोन डोंगरांच्या आसपास चार ठिकाणं अशी आहेत, की त्यांची नावं इंग्रजांनी चांदीच्या पदकाच्या पट्ट्यांवर लिहिली. जालना जिल्ह्यातलं असई, बऱ्हाणपूरजवळचा असीरगड, अकोला जिल्ह्यातलं अडगाव आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. चारही लढाया १८०३ सालच्या, तीन महिन्यांच्या आतल्या. २३ सप्टेंबरला असई, २१ ऑक्टोबरला असीरगड, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड. मग दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडातला मोठा मुलूख हातचा गेला.

या लढायांचं पदक केव्हा मिळालं? १८५१ साली! म्हणजे तब्बल ४७ वर्षांनी. ‘आर्मी ऑफ इंडिया’ असं त्याचं नाव. १७९९ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी ईस्ट इंडिया कंपनीने ते काढलं. एकूण २१ पट्ट्या. ज्या लढाईत माणूस होता तिची पट्टी रिबिनीवर चढायची. इंग्रजी तोंडाने आपली गावं बदलली. असईचं ‘असाय’ झालं, अडगावचं ‘अर्गॉम’, गाविलगडचं ‘गाविलघर’.

पदक फक्त जिवंत असलेल्यांनाच मिळणार होतं. असईला विशीत असलेला शिपाई १८५१ मध्ये अडुसष्टीच्या घरात होता. बहुतेक देशी शिपाई तोवर मातीआड गेले होते. जे होते त्यांच्या खेड्यापर्यंत ही बातमी कोण नेणार, आणि अर्ज कोण लिहून देणार? सुमारे साडेचार हजार पदकं वाटली गेली, ती बहुतेक गोऱ्यांच्या छातीवर. वेलस्लीच्या फौजेत मद्रासी शिपायांचा भरणा होता. असईला त्या फौजेची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांच्या वाट्याला पट्ट्या फार थोड्या आल्या. समोरच्या बाजूने, शिंदे-भोसल्यांकडून लढलेल्यांना तर काहीच नव्हतं. हरलेल्यांना पदक कोण देतो?

याच पदकाला ‘कॉरिगॉम’ अशीही एक पट्टी आहे, म्हणजे १ जानेवारी १८१८ची कोरेगाव भीमाची लढाई. तिथल्या स्तंभावर कंपनीच्या मृत शिपायांची नावं आहेत आणि त्यात महार शिपायांची ‘नाक’ लावलेली नावं स्पष्ट वाचता येतात. स्तंभावर मेलेल्यांची नावं, पदकाच्या कडेवर जगलेल्यांची. इतिहास पुरा करायचा तर दोन्ही वाचावं लागतं.

आता पहिल्या महायुद्धाकडे येऊ. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कुत अल अमारा इथे त्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. या पलटणींत मराठ्यांबरोबर दखनी मुसलमानही भरती होत. उपासमार आणि कैद दोघांनी सारखीच भोगली.

युद्ध संपल्यावर चांदीचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ निघालं. जगभरात सुमारे ६५ लाख वाटलं गेलं. लढणाऱ्याला ते चांदीचं, मजुरांना आणि छावणीतल्या सेवकांना ब्राँझचं. चित्र तेच, धातू वेगळा. मरणाच्या छायेत दोघेही होते, पण दर्जा धातूने ठरला.

आणि मेलेल्यांचं काय? १९२९ साली बसऱ्याला भव्य स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या, पण ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचं. त्यावर इंग्रज शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. साध्या हिंदी शिपायाचं नाही. त्याच्या पलटणीखाली फक्त आकडा! एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या अहवालाने हा भेदभाव मान्य केला आणि माफीही मागितली. आपल्या गावोगावच्या पाट्यांचीही तीच तऱ्हा. ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, पैकी इतके मेले.’ आकडा आहे, नाव नाही.

म्हणून म्हणतो, त्या घरी पाठवलेलं पदक हीच कधी कधी एकमेव धातूची वस्तू असते, जिच्यावर त्या शिपायाचं नाव सरकारने स्वतः लिहिलं. आणि नेमकी तीच आपण वितळवतो. चांदी म्हणून पदक सराफाकडे जातं आणि त्याची जोडवी, पैंजण होतात. इंग्लंडातही १९८०च्या सुमारास चांदीचा भाव भडकला, तेव्हा अशी पदकं ढिगाने आटवली गेली. गरज मोठी असते, मी कुणाला दोष देत नाही. पण विकण्याआधी कड तरी वाचून ठेवावी.

वाचताना एक लक्षात घ्या. नावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. ‘शेख’ चार तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. नाव एकाच पलटणीत दहा जणांचं असू शकतं, म्हणून नंबर महत्त्वाचा. पण तो नंबर त्या पलटणीपुरताच असे, त्यामुळे नंबर आणि पलटण दोन्ही मिळूनच माणूस सापडतो. लबाडीही चालते. जुनं नाव घासून नवं घालतात. अशा पदकाचा व्यास किंचित कमी भरतो. ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटरचं. जाणकार आधी मोजतात, मग बोलतात.

घरात पदक असेल तर चिंच-राख लावून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. एकाच माणसाची दोन-तीन पदकं असतील तर वाटणीत फोडू नका. रिबीन, डिस्चार्जचा कागद, फोटो, पत्रं सोबत ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या कायद्याने बंधन आहे आणि पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाला पोचली आहेत. बाहेरचा व्यापारी मागत आला तर हे आठवा.

रविवारी घरातली जुनी ट्रंक उघडायला सवड असते. पदक सापडलं तर कड उजेडात धरा आणि तिथलं नाव घरातल्या लहान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. बसऱ्याच्या भिंतीवर ते नाही. निदान आपल्या घरात तरी त्याचा उच्चार व्हावा.