रायफलची दुर्बीण ‘झिरो’ कशी करतात? क्लिकचा हिशेब, वाऱ्याचा अंदाज आणि कायद्याची बाजू

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिक इथं ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या होत्या. अशा यशामुळे खेड्यातल्या पोरापोरींनाही नेमबाजीची ओढ लागते. पण घरात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. रायफल महाग, गोळ्या महाग. नेम बसत नाही म्हणून नुसत्या गोळ्या उडवत बसलं की पैसा मातीत जातो. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो, नेम दाखवणारं साधन नीट जुळवलेलं नसतं. ते जुळवायचं कसं, त्याची ही माहिती.

कुठे दुर्बीण चालते, कुठे नाही

अनेकांचा समज असतो की ऑलिंपिकचे नेमबाज दुर्बिणीतून नेम धरतात. तसं नाही. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या प्रकारांत रायफलवर दुर्बीण लावायला परवानगी नाही. तिथे बारीक छिद्रातून बघायची ‘पीप साइट’ असते. दुर्बीण चालते ती ‘एफ क्लास’सारख्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत. त्यात झोपून, रायफलला टेकू देऊन १००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे ९१४ मीटरपर्यंत नेम धरतात. इंग्लंडमधलं बिस्ली हे अशा नेमबाजीचं जुनं ठिकाण. साधन वेगळं असलं तरी जुळवायचं तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

झिरो म्हणजे काय

दुर्बीण गोळीला वळवत नाही. गोळी नळीच्या दिशेनं सुटते आणि सुटल्या क्षणापासून खाली पडायला लागते. अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू सुमारे सव्वा मीटर खाली येते, गोळीलाही त्यातून सुटका नाही. म्हणून ठरावीक अंतरावर गोळी जिथे पडते, तिथेच दुर्बिणीतला क्रॉस आणून बसवायचा. यालाच झिरो करणं म्हणतात. अंतर बदललं की हिशेब बदलतो.

आधी बसवणं, मग फिरवणं

कामाला हात लावण्याआधी रायफल रिकामी आहे का, हे दोनदा बघावं. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला.

दुर्बीण डोळ्यापासून साधारण ८ ते १० सेंटीमीटर दूर राहील अशी बसवतात. जवळ घेतली तर धक्क्यानं भुवई फुटते. क्रॉसची उभी रेघ सरळ हवी. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा लांबवर टांगावा, रायफल आडवी-तिरकी न होता सपाट ठेवावी आणि रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवावी. रेघ कलती राहिली तर जवळ चूक दिसत नाही, पण लांबच्या अंतरासाठी क्लिक वर घेतले की गोळी बाजूला जाते.

स्क्रू आवळताना ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतो तसं समोरासमोर, थोडं थोडं आवळावं. एकच स्क्रू गच्च केला तर दुर्बिणीची नळी दबते. ढिला राहिला तर प्रत्येक गोळीला नेम सरकतो.

मग पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे बघून मागचं भिंग फिरवावं, क्रॉस ठळक दिसला पाहिजे. सूर्याकडे कधीही बघू नये. काही दुर्बिणींना बाजूला आणखी एक नॉब असतो. तो टार्गेट स्पष्ट दिसेपर्यंत फिरवावा. डोकं जरासं हलवून बघावं. क्रॉस टार्गेटवर सरकत असेल तर अजून जुळवायचं बाकी आहे.

क्लिकचा हिशेब

वरचा नॉब वर-खालीसाठी, बाजूचा डावी-उजवीसाठी. नॉबवरचा बाण दाखवतो ती दिशा गोळीच्या सरकण्याची. गोळी उजवीकडे पडत असेल तर नॉब डावीच्या दिशेनं फिरवायचा. नवखे इथेच उलटं करतात.

नॉबवर बहुधा या दोनपैकी एक माप लिहिलेलं असतं:

– पाव एमओए: एका क्लिकला गोळी १०० मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर सरकते. ५० मीटरवर त्याच्या निम्मी, ३०० मीटरवर तिप्पट, म्हणजे जवळपास २.२ सेंटीमीटर.

– ०.१ मिल: एका क्लिकला १०० मीटरवर १ सेंटीमीटर, ३०० मीटरवर ३ सेंटीमीटर.

सुरुवात २५ मीटरवरून करावी, म्हणजे गोळी कागदावर तरी लागते. मग १०० मीटरवर जाऊन एकाच जागी नेम धरून ५ गोळ्या माराव्यात. नेम न बदलता. पाचही भोकांचा मध्य काढावा आणि तिथून मोजावं.

समजा मध्य ६ सेंटीमीटर खाली आणि ३ सेंटीमीटर उजवीकडे आला. पाव एमओएच्या दुर्बिणीला ८ क्लिक वर आणि ४ क्लिक डावीकडे. ०.१ मिलच्या दुर्बिणीला ६ वर आणि ३ डावीकडे. परत ५ गोळ्या मारून खात्री करावी.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे प्रत्येक गोळीमागे नॉब फिरवणं. एक गोळी श्वासानं, ट्रिगरच्या झटक्यानंही चुकते. त्या एका चुकीच्या मागे नॉब फिरवला तर पुढची बरोबर गोळीही चुकीच्या जागी जाते. पाच भोकं एकत्र न पडता चहूकडे विखुरली असतील तर नॉबला हातच लावू नये. आधी स्क्रू, टेकू आणि बसण्याची पद्धत तपासावी.

लांबचं अंतर आणि वारा

१०० मीटरचा झिरो पक्का झाला की २००, ३०० मीटरवर तसाच नेम धरून गोळी किती खाली येते ते मोजावं आणि वहीत लिहावं. ३०० मीटरवर ४० सेंटीमीटर खाली आली, तर पाव एमओएला १८ क्लिक, ०.१ मिलला १३ क्लिक वर. गोळीची जात बदलली की ही मापं बदलतात. सराव संपला की नॉब मोजून परत झिरोवर आणावा.

वारा शेतकऱ्याला नवा नाही. उफणताना दाणा जवळ पडतो, भुसा लांब जातो. हलका छर्रा वाऱ्यानं जास्त ढळतो, जड आणि वेगाची गोळी कमी. डावीकडून आलेला वारा गोळी उजवीकडे नेतो. समोरून किंवा पाठीमागून आलेल्या वाऱ्यानं बाजूला फारसा फरक पडत नाही. रेंजवर झेंडे लावलेले असतात ते त्यासाठीच. उन्हात टार्गेटसमोर मृगजळासारखी हवा हलते, तीही वारा कुठून आहे ते सांगते.

एअर रायफलवाल्यांसाठी

स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो. साधी दुर्बीण त्यात लवकर बिघडते. दुकानदाराला विचारून एअर रायफलसाठी बनवलेलीच घ्यावी. पण मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर दुर्बिणीवर पैसा घालण्याआधी प्रशिक्षकाला भेटावं, कारण १० मीटरच्या स्पर्धेत ती चालणारच नाही.

कायद्याचं काय

काडतुसाच्या रायफलला शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवाना लागतो. ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद असलेल्या एअर रायफललाही लागतो. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक सरावासाठी न्यायची असेल तर परवान्यातल्या अटी आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्याव्यात. सराव फक्त रेंजवरच करावा. शेताच्या बांधावर, गावाशेजारच्या माळावर नाही. चुकलेली गोळी खूप लांबवर जाते आणि पुढे कोण गुरं चारतंय ते दिसत नाही. एअर रायफलनं पक्षी किंवा वन्यप्राणी मारल्यास वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा दाखल होऊ शकतो.

रेंजवर जाताना सोबत वही, पट्टी आणि पेन घ्यावं. तारीख, अंतर, गोळीची जात, वारा आणि क्लिक एवढं प्रत्येक वेळी लिहिलं तर पुढच्या वेळी तोच हिशेब परत करण्यात गोळ्या वाया जात नाहीत.