खिडक्यांतले बिऱ्हाडकरू

पाच ओळींचे काम ऐंशी ओळींवर जाऊ लागले, तेथून या इतिहासाला सुरुवात होते. कर्निघन आणि रिची या दोघांनी १९७८ साली 'सी' या संगणकभाषेवर पुस्तक लिहिले. त्यातला पहिलाच प्रोग्रॅम जगाला नमस्कार करणारा होता. पडद्यावर 'हॅलो, वर्ल्ड' एवढीच अक्षरे उमटवायची. काम चार-पाच ओळींचे. दहा वर्षांनी, १९८८ साली, चार्ल्स पेट्झोल्ड यांचे विंडोजच्या प्रोग्रॅमिंगवरील पुस्तक निघाले. हाच नमस्कार विंडोजच्या खिडकीत बसून करायचा, तर ऐंशीच्या आसपास ओळी लागत. नमस्कार तोच, मग पाऊणशे ओळी गेल्या कोठे?

मी मॅट्रिक झालेला चित्रकलेचा शिक्षक. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. हा विषय याच्या अंगणातला नव्हे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण शेजाऱ्यांची भांडणे हा कादंबरीकाराचा हक्काचा विषय आहे. विंडोजवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना वर्षानुवर्षे छळणाऱ्या अडचणी एकेक करून पाहाव्यात, तर त्यांतल्या बहुतेक शेजाराच्याच निघतात. बेरीज चुकली म्हणून बिघडलेले प्रोग्रॅम थोडे. एका यंत्रात चौघांबरोबर नांदता आले नाही म्हणून बिघडलेले फार.

विंडोज येण्यापूर्वी डॉसच्या राज्यात प्रोग्रॅम हा वाड्याचा मालक असे. पडदा त्याचा, कळफलक त्याचा, स्मृतीही त्याचीच. मनात येईल तेव्हा तो माणसाला प्रश्न विचारी आणि उत्तर येईपर्यंत खुशाल थांबून राही. २० नोव्हेंबर १९८५ रोजी मायक्रोसॉफ्टने पहिले विंडोज बाजारात आणले आणि मालकाचा बिऱ्हाडकरू झाला. वाडा तरी केवढा! २५६ किलोबाइट स्मृतीचा. त्या पहिल्या विंडोजमध्ये कामाच्या खिडक्या एकमेकींवर चढू शकत नसत, शेजारी शेजारी मांडून ठेवाव्या लागत. एकीने दुसरीला झाकण्याची मुभा १९८७ साली, दुसऱ्या आवृत्तीत मिळाली.

बिऱ्हाडकरूने वागायचे कसे, याचा नियम मोठा मजेदार होता. माणसाने कळ दाबली, उंदीर हलवला, खिडकीचा झाकलेला कोपरा उघडा पडला, की विंडोज त्या प्रोग्रॅमच्या नावाने एक निरोप लिहून रांगेत टाकी. प्रोग्रॅमने सारखे दाराशी येऊन 'माझ्या नावाचा काही निरोप आहे का?' असे विचारायचे, असल्यास ते काम उरकायचे आणि पुन्हा दाराशी यायचे. पेट्झोल्ड यांच्या ऐंशी ओळींतल्या बऱ्याचशा ओळी खिडकी मांडण्यात आणि या निरोपांची व्यवस्था लावण्यात जात.

खरी मेख पुढेच आहे. त्या काळच्या विंडोजमध्ये एकाच्या हातचे काम काढून दुसऱ्याला देण्याची सोय नव्हती. प्रोग्रॅम आपण होऊन दाराशी येई, तेव्हाच शेजाऱ्याची पाळी लागे. एखादा लांबलचक हिशेबात गुंतून दाराकडे फिरकलाच नाही, की सगळी चाळ खोळंबे आणि पडद्यावर वाळूचे घड्याळ ठाण मांडून बसे. म्हणून लांब कामाचे तुकडे करा, मधून मधून दाराशी जा, असा उपदेश पुस्तकांतून होई. उपदेश ऐकणारे ऐकत, न ऐकणारे न ऐकत. माझ्या वर्गाचा अनुभव काही वेगळा नाही.

अखेर उपदेशाचा नाद सोडून भिंती घालण्यात आल्या. डेव्ह कटलर यांच्या हाताखाली तयार झालेले विंडोज एन.टी. १९९३ साली आले आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी घरोघरी जाणारे विंडोज ९५ निघाले. यांत यंत्रच प्रत्येकाला वेळ मोजून देई आणि तो संपला की काम हातचे काढून घेई. विंडोज ९५ मध्ये जुन्या, सोळा बिटांच्या प्रोग्रॅमांसाठी मागले दार उघडे होते, त्यामुळे त्यांच्यातला एखादा अजून घोळ घाली. पण एकाच्या आळसाने सगळ्यांचा खोळंबा, हा प्रकार पुष्कळ कमी झाला.

मात्र प्रोग्रॅमची स्वतःची खिडकी गोठायची ती गोठतच राहिली, कारण दाराशी जायचे ते त्याचे त्यानेच. पाच सेकंद कोणी निरोप घ्यायला आले नाही, तर आताचे विंडोज त्या खिडकीला 'प्रतिसाद देत नाही' असे ठरवते. हा शेरा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे.

ही अडचण इतकी सार्वत्रिक का झाली, याला एक गमतीदार कारण आहे. ॲलन कूपर नावाच्या गृहस्थांनी बटणे, चौकटी उंदराने ओढून खिडकी सजवता येईल असे एक साधन बनवले होते. १९८८ साली त्यांनी ते बिल गेट्स यांना दाखवले. मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले, बेसिक भाषेशी त्याचे लग्न लावले आणि १९९१ साली 'व्हिज्युअल बेसिक' जन्मले. ऐंशी ओळींचा नमस्कार आता एक पाटी ओढून आणण्याइतका सोपा झाला. हजारो लोक प्रोग्रॅम लिहू लागले. ही फार मोठी गोष्ट झाली, असे माझे मत आहे. पण निरोपांची ती रांग आता पडद्याआड गेली होती. ती आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते.

आमच्या शाळेच्या कचेरीत २००३ च्या सुमारास असाच एक प्रोग्रॅम होता. गावातल्याच एका दुकानाने व्हिज्युअल बेसिकमध्ये करून दिलेला, गुणपत्रके छापणारा. यंत्रावर विंडोज ९८. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो. 'छापा' हे बटण दाबले, की खिडकी पांढरी पडे. आमचे कारकून भाऊसाहेब हे सरळ माणूस. बटण लागले नाही असे समजून त्यांनी ते आणखी दोनदा दाबले. खिडकी मुकी झाली होती, पण निरोप रांगेत जमा होत होते. पहिला गठ्ठा छापून झाला तसा दुसरा सुरू झाला, मग तिसरा. चाळीस मुलांची एकशेवीस गुणपत्रके!

दुकानातला मुलगा आला. त्याने एक ओळ वाढवली, 'डू-इव्हेंट्स'. तिचा अर्थ, काम चालू असतानाच मधून मधून दाराशी जाऊन साचलेले निरोप उरकणे. खिडकी जिवंत राहिली. पण बटणही जिवंत राहिले! भाऊसाहेबांचा हात सवयीने पुन्हा पडला, तेव्हा पहिली छपाई सतराव्या मुलावर होती. ती तशीच अधांतरी ठेवून दुसरी छपाई पहिल्यापासून सुरू झाली. पहिली सतरा मुले दोनदा पास झाली.

"भाऊसाहेब, तुम्ही एकदाच का नाही दाबत?" मुलगा काकुळतीला येऊन म्हणाला.

"अरे बाबा, मी शंभरदा दाबीन. तुझ्या यंत्राने कळायला नको?"

भाऊसाहेबांचे म्हणणे, कोणी काहीही म्हणो, शास्त्रशुद्ध होते. खरा इलाज साधा आहे: काम सुरू होताच बटण निकामी करायचे आणि संपताच पुन्हा चालू करायचे. मुलाने तेच केले. याहून चांगला इलाज म्हणजे लांबचे काम वेगळ्या 'थ्रेड'कडे, म्हणजे दुसऱ्या गड्याकडे सोपवायचे आणि पहिल्याने दाराशी उभे राहायचे. त्यालाही एक अट आहे. ज्या गड्याने खिडकी मांडली, त्यानेच तिला हात लावायचा. दुसऱ्याने परस्पर पाटी बदलली की घोटाळा. मायक्रोसॉफ्टच्या 'डॉटनेट'मध्ये २००५ साली या कामासाठी तयार गडी मिळाला आणि २०१२ पासून सी-शार्प भाषेत दोनच शब्दांनी ही वाटणी लिहिता येऊ लागली.

भांड्याकुंड्यांचेही भांडण होते. विंडोज ३ च्या काळात खिडक्या, लेखण्या, कुंचले ठेवायची सामाईक फडताळे अवघी ६४ किलोबाइटची असत. घेतलेला कुंचला परत ठेवायला एखादा प्रोग्रॅम विसरला की फडताळ रिते होई आणि यंत्रात स्मृती भरपूर असतानाही 'स्मृती संपली' अशी पाटी झळके. कुंचले धुऊन जागेवर ठेवा, हे चित्रकलेच्या तासाला मी घसा सुकेपर्यंत सांगतो, म्हणून याविषयी अधिक लिहीत नाही.

बिऱ्हाडकरूच्या चुका घरमालकाने किती पोटात घालायच्या, हा प्रश्न मला या सगळ्यात मोठा वाटतो. 'सिमसिटी' नावाचा शहर वसवण्याचा एक खेळ विंडोज ३ वर लोकप्रिय होता. त्यात एक दोष राहून गेला होता: परत करून टाकलेली स्मृती हा खेळ पुन्हा वाचत असे. रिकामी केलेली खोली लगेच दुसऱ्याला जात नसल्यामुळे जुन्या विंडोजवर ते कधी उघडकीस आले नाही. विंडोज ९५ तयार होत असताना मात्र खेळ कोसळू लागला. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी शोध घेतला, दोष खेळाचा आहे हे त्यांना कळले, आणि त्यांनी विंडोजमध्येच एक खास तरतूद केली. सिमसिटी चालू आहे असे दिसले, की परत केलेली स्मृती काही वेळ दुसऱ्या कोणाला द्यायची नाही! ही हकीकत जोएल स्पोल्स्की यांनी २००४ साली लिहून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट आवृत्तीच्या आकड्याची. पुष्कळ जुने प्रोग्रॅम सुरू होताना विचारीत, की विंडोज ३.१० किंवा त्याहून नवे आहे ना? विचारण्याची पद्धत मात्र चुकीची. समजा, शाळाप्रवेशाला तीन वर्षे दहा महिने पुरे हवेत. चार वर्षे पूर्ण झालेले मूल आले. कारकुनाने वर्षे पाहिली, चार, ठीक. मग महिने पाहिले, शून्य. दहापेक्षा कमी, प्रवेश नाही! विंडोज ९५ चा खरा आकडा ४.० होता, आणि हे प्रोग्रॅम नेमके याच न्यायाने त्याला जुने ठरवून बंद पडले असते. तेव्हा मायक्रोसॉफ्टने काय करावे? जुन्या प्रोग्रॅमांनी विचारले, की आपला आकडा ३.९५ असल्याचे विंडोज ९५ सांगू लागले. खोटे खरेच, पण घरी पैसे मोजून आणलेला प्रोग्रॅम चालू राहिला.

ही माया योग्य की अयोग्य? शिक्षक म्हणून मला ती खटकते. चुकणाऱ्याला आपली चूक कळतच नाही. पण ज्या माणसाने नवे विंडोज विकत घेतले, त्याच्या लेखी जुना खेळ बंद पडला तर दोष नव्या विंडोजचाच असतो. त्याला शिक्षा का?

सामाईक विहिरीची कथा अधिक कडू आहे. नेहमी लागणाऱ्या कामांची आज्ञापत्रे प्रत्येकाने आपापली ठेवण्यापेक्षा एकच प्रत सर्वांनी वापरावी, म्हणजे जागा वाचेल, या विचाराने डी.एल.एल. नावाच्या फायली निघाल्या. जागा महाग होती तेव्हा हा विचार रास्तच होता. पण नवा प्रोग्रॅम बसवताना तो आपल्याबरोबरची प्रत त्या सामाईक जागेत टाकून मोकळा होई. ती जुनी असली तर दुसऱ्याचे बिघडे, नवी असली तर तिसऱ्याचे. काल चालणारा प्रोग्रॅम आज का बंद पडला, हे त्याच्या लेखकालाही सांगता येत नसे. लोकांनी याला 'डी.एल.एल.चा नरक' असे नावच दिले. येथेही शेवटी भिंतीच आल्या. विंडोज २००० ने आपल्या महत्त्वाच्या फायलींवर पहारा बसवला. २००१ च्या एक्स.पी.ने एकाच फायलीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय केली; २००२ च्या डॉटनेटमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याला हवी ती आवृत्ती नावानिशी मागू लागला. विहीर बुजली आणि ज्याचा त्याचा नळ आला. जागा जास्त लागते. पण तोवर जागा स्वस्त झाली होती.

मराठी माणसाला या वाड्यात खोली उशिराच मिळाली. पूर्वी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून काम भागवीत. फाँट बदलला की मजकुराची इंग्रजी खिचडी. १९९१ च्या युनिकोडने जगातल्या लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देण्यास सुरुवात केली आणि विंडोज २००० मध्ये देवनागरी रीतसर आली. तिच्यासोबतचा 'मंगल' हा फाँट रेखाटला तो मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. माझ्यासारख्या कुंचलेवाल्याला याचा अभिमान वाटणारच.

पण यंत्राला मराठी येऊ लागली, तरी व्हिज्युअल बेसिकच्या चौकटींना ती येत नव्हती. विंडोजमध्ये अक्षरांच्या प्रत्येक कामाला दोन दारे होती: एक जुन्या, मोजक्या अक्षरांचे आणि एक युनिकोडचे. या चौकटी जुन्या दाराने जात, आणि तेथे देवनागरीची नोंदच नव्हती. सुलोचना हे नाव तेथे घातले की सात प्रश्नचिन्हे उमटत. अक्षरे चार, प्रश्नचिन्हे सात. कारण यंत्र काना-मात्राही वेगळ्या मोजते. एक इलाज होता, तो म्हणजे प्रोग्रॅम डॉटनेटमध्ये नव्याने लिहिणे.

सहाव्या व्हिज्युअल बेसिकमधले, १९९८ पासूनचे प्रोग्रॅम अजून विंडोज ११ वर चालतात. त्यांना लागणारी फाईल मायक्रोसॉफ्ट त्यात आजही देते. सोळा बिटांच्या प्रोग्रॅमांचे भाग्य एवढे थोर नव्हते. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये त्यांना जागा नाही आणि २०२१ साली आलेले विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांचेच आहे. ज्याच्यासाठी १९९५ साली घरमालकाने रिकाम्या खोल्या अडवून ठेवल्या, ते विंडोज ३ चे सिमसिटी आता दाराशी आले, तर त्याला आत घेतले जात नाही.