झाकणाची वाटी

आमचं घर ग्वाल्हेरला पडावात. पडाव म्हणजे मुक्काम, तळ. शेजारचं लष्करही तसंच; दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचंच शहर झालं. स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दिल्लीला जाणं आम्हाला कधी अवघड वाटलं नाही. धाकटी लेक दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन भाषा शिकते. गेल्या हिवाळ्यात तिला भेटायला गेले, तर म्हणाली, "आई, आज तुला माझ्या खाणावळीत जेवायला नेते."

यमुनेच्या काठाला मजनू का टीला म्हणून तिबेटी निर्वासितांची वस्ती आहे. दोन माणसं शेजारून गेली तर खांदे घासतील अशा तिथल्या गल्ल्या. अशाच एका गल्लीत जिना चढून वर गेलो. सहा टेबलं, भिंतीवर कोरियन नटनट्यांची चित्रं, आणि सगळीकडे कॉलेजची मुलं. स्वस्त म्हणूनच ती येतात. दुपारचे चार वाजले होते. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून लेकीने मुद्दाम ती वेळ धरली होती.

आता आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको, मी तिथे काय खाणार? किमचीत लसूण आणि खारवलेली मासळी. सूपात मांस. मुळा, गाजर, बटाटा कंदमुळं. मोड आलेलं कडधान्य मी खात नाही, समुद्रातलं शेवाळही नाही, आंबवलेलं तर नाहीच. लेकीने त्यांना समजावून सांगितलं आणि माझ्यापुढे आला साधा भात, उकडलेला पालक, काकडी, मीठ आणि वर तिळाचं तेल. भातावर निरनिराळ्या भाज्या मांडून कालवून खायचं त्यांचं बिबिंबाप म्हणून पक्वान्न आहे, त्याचा हा सगळ्यात गरीब भाऊ. पण चव खरंच छान होती.

माझं लक्ष मात्र वाटीकडे गेलं. भात आला होता झाकणाच्या छोट्या स्टीलच्या वाटीत. आपल्याकडे देव्हाऱ्याजवळ केशराची डबी असते ना, तसंच रूप, फक्त थोडं मोठं. मी म्हटलं, "अगं, एवढाच भात? आणि झाकण कशाला?" तेव्हा लेकीने त्या वाटीचा इतिहास सांगितला. घरी आल्यावर मी स्वतःही वाचलं. तोच आज तुम्हाला सांगते.

कोरियात जुन्या काळी वाटेवर जुमाक नावाची मुक्कामाची ठिकाणं असत. एखादी बाईच ती चालवायची. वाटसरू यायचा, गरम सूपात घातलेला भात खायचा आणि तिथेच पाठ टेकायचा. जेवणाचे पैसे दिले की झोपायचे वेगळे द्यावे लागत नसत. म्हणजे त्यांच्याकडचे हे पडावच. स्वस्त खाणावळीची परंपरा तिथली अशी जुनी आहे.

पण आजची स्वस्त खाणावळ घडली ती भुकेतून. १९५० ते १९५३ कोरियात युद्ध झालं. देश दुभंगला, शेतं उजाड झाली. या युद्धाशी आपलाही संबंध आहे. भारताने लढायला सैन्य पाठवलं नाही, पण लष्करी डॉक्टरांचं पथक पाठवलं. युद्ध थांबल्यावर मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी होते. त्यांना सांभाळायचं काम भारतीय सैन्याकडे आलं, आणि त्या दलाचे प्रमुख होते आपले कोल्हापूरचे शंकरराव थोरात. माझं माहेर त्याच बाजूचं, पण हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं! त्या कैद्यांपैकी ८८ जणांनी ना उत्तर मागितलं ना दक्षिण. १९५४ साली ते आपल्या सैन्याबरोबर भारतात आले. बरेचसे पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले.

इकडे सोलच्या बाजारात माणसं अमेरिकी छावण्यांतलं उष्टं-उरलेलं एकत्र उकळून विकत होती आणि लोक रांगा लावून ते खात होते. ते बघून एका व्यापाऱ्याने जपानहून यंत्रं आणली आणि १९६३ साली झटपट शेवयांचं पाकीट काढलं, किंमत दहा वोन. आज आपली नातवंडं ज्या कोरियन नूडल्ससाठी हट्ट धरतात, त्यांचं मूळ हे असं आहे.

तांदूळ पुरत नव्हता, गहू अमेरिकेतून येत होता. तेव्हा सरकारने लोकांना गव्हाकडे वळवायचं ठरवलं. १९६९ पासून बुधवारी आणि शनिवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच खाणावळींनी भात विकायचा नाही, असा नियम झाला. शाळेत मास्तर मुलांचे डबे उघडून बघत, भातात दुसरं धान्य मिसळलंय की नाही. पिठाच्या पदार्थांची छोटी दुकानं त्याच काळात गल्लोगल्ली झाली. त्यांना बुन्सिक म्हणतात, आणि बुन्सिक म्हणजेच पिठाचं खाणं. आणि १९७६ साली सोल शहराने खाणावळीतल्या भाताच्या वाटीचं मापच ठरवून दिलं: साडेदहा सेंटिमीटर रुंद, सहा सेंटिमीटर उंच, स्टीलची. भात कमी लागावा म्हणून. पुढे तांदूळ मुबलक झाला, नियमाची गरज संपली, वाटी मात्र राहिली. माझ्यापुढे आली ती तीच.

हे ऐकताना मला आपलं आठवत होतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळी एक वेळ जेवू नका असं सांगितलं आणि हॉटेलंसुद्धा त्या संध्याकाळी बंद राहू लागली. तिकडे बुधवार-शनिवार, इकडे सोमवार. आणि मग ७२ चा दुष्काळ. मी तीन वर्षांची होते. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, दुष्काळी कामांवर सुकडी वाटायचे. माझी आई मिलो तीन-तीनदा निवडायची, किडा-मुंगी जाऊ नये म्हणून. भाकरी लाल आणि चिवट व्हायची. पण दारी कुणी आलं की आई ती भाकरी फडक्याखाली सरकवायची. मिलो खातो हे पाहुण्याला कळायला नको. हे तिने मला मरायच्या आधी दोन वर्षं सांगितलं, तेही हळू आवाजात, जणू चोरी केली होती.

वाटी रिकामी झाली तेव्हा लेक म्हणाली, "आई, एक सांगायचंय. मी इथे लसूण खाते. किमची पण. दोन वर्षं झाली. मांस नाही खाल्लं." ती माझ्याकडे बघत नव्हती, चमचा पुसत होती.

खरं सांगते, पोटात कालवाकालव झाली. आमच्या घरात चार पिढ्या लसूण शिजला नाही, आणि किमचीत तर मासळीही असते. बोलायला खूप होतं. पण डोळ्यांपुढे आईचं ते फडकं आलं. मी एवढंच म्हटलं, "मला आवडलं नाही. पण लपवून ठेवू नकोस. लपवलंस तर आपल्यात बोलायला काही उरणार नाही." मग मी विचारलं, "बिनलसणाची, बिनमासळीची किमची नसतेच का गं?"

असते. बौद्ध विहारांत. तिथे भिक्षू आणि भिक्षुणी लसूण, कांद्याची पात आणि तशाच वासाच्या भाज्या, एकूण पाच, अजिबात खात नाहीत. किमचीही त्यांच्याविना करतात, मासळीही घालत नाहीत. मला आनंद झाला, पण कारण एक नाही हेही समजून घ्यायला हवं. त्या भाज्यांनी राग आणि वासना वाढतात, ध्यान लागत नाही, असं ते मानतात. आपण कंदमुळं सोडतो ती त्यातल्या अनंत जीवांसाठी. म्हणून ते मुळा आनंदाने खातात आणि आपण खात नाही. ताट सारखं दिसलं तरी व्रत वेगळं.

आणि किमचीचा तो लालभडक रंग? तो मूळचा नव्हेच. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली. कोरियात ती जपानकडून गेली असावी, कारण १६१४ च्या तिथल्या एका ग्रंथात तिचं नाव जपानी मोहरी असं आहे. आपल्या कोल्हापुरी ठेच्याचं आणि त्यांच्या किमचीचं तिखट एकाच घरून निघालेलं. त्याआधी दोन्हीकडे माणसं मिरचीवाचून जेवतच होती.

अंधार पडायच्या आत आम्ही जिना उतरलो. लेकीने त्यानंतर लसूण सोडला का, असं मला मंडळातल्या बायका विचारतात. नाही सोडला. चातुर्मासात मात्र सोडते, आणि फोन करून सांगते. मासळीची किमची तिने बंद केली, ती आपणहून.

मंडळात मी हा सगळा इतिहास सांगितला, तेव्हा एक मावशी शेवटी एवढंच म्हणाल्या, "ते पालक-काकडी-तिळाच्या तेलाचं बरं दिसतंय. अंडं नसतं ना त्यात?" वरून घालतात, म्हटलं, आपण घालायचं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी करून आणलं. दिवसाउजेडी, पाच जणींपुरतं, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात.