मोडलेल्या झडपांचा खर्च

इस्पितळाला देणगी देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कोणी आईच्या स्मरणार्थ खोली बांधून देतो, कोणी दहा खाटांचा खर्च उचलतो, आणि दारावर संगमरवरी पाटी बसते. यात काही गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. पाटीच्या लोभाने का होईना, खाटा झाल्या आणि त्यांवर रोगी बरे झाले. परंतु वैद्यकाच्या खर्चांत एक खर्च असा आहे की त्याला पाटी बसत नाही. नवे उपकरण घडवावयाचे म्हटले की आधी काही उपकरणे बिघडावी लागतात. ती कोणाच्या पैशाने बिघडावीत, हा प्रश्न आज आम्हांस आपणांपुढे मांडावयाचा आहे. आणि तो नुसत्या तर्काने नव्हे, तर आपल्याच देशात घडलेल्या एका हकिगतीच्या आधाराने. ही हकिगत केरळातील तिरुवनंतपुरमची, म्हणजे ज्याला आपण त्रिवेंद्रम म्हणत आलो त्या गावची आहे, आणि तिचा विषय आहे हृदयाची कृत्रिम झडप.

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यावयाचे आणि मागे फिरू द्यावयाचे नाही, एवढेच त्यांचे काम. पण हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे १ लाख, वर्षाला जवळजवळ ४ कोटी पडतात, आणि प्रत्येक ठोक्याला झडप उघडते व मिटते. लहानपणी मुलाचा घसा धरतो, ताप येतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात. मूल बरे होते, घरची माणसे विसरतात; आणि पुढे ऐन तारुण्यात जिना चढताना धाप लागू लागते. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात, त्याने तेवढ्यात झडप खाल्लेली असते. हा रोग दाटीवाटीच्या वस्तीचा, म्हणजे बहुधा गरिबांचा. १९६० साली अमेरिकेत शल्यविशारद आल्बर्ट स्टार आणि इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांनी घडविलेली झडप माणसाच्या हृदयात बसली आणि टिकली. उपाय सापडला, पण झडप परदेशाहून यावयाची, आणि तिची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. ज्यांना रोग त्यांच्याजवळ पैसा नाही, अशी ही अडचण होती.

१९७३ साली त्रावणकोरच्या राजघराण्याने एक बहुमजली इमारत केरळच्या जनतेला व सरकारला भेट दिली. तेथे उभ्या राहिलेल्या वैद्यकीय केंद्राला त्रावणकोरचे शेवटचे महाराज श्री चित्र तिरुनाळ यांचे नाव मिळाले. परदेशात शिकून आलेले हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन १९७४ च्या सुमारास तेथे आले. १९७६ पासून रोगी दाखल होऊ लागले. येथवरची हकिगत कोणत्याही चांगल्या इस्पितळाची असते. पण त्यानंतर राजघराण्याकडूनच मिळालेल्या सॅटेलमंड राजवाड्यात, इस्पितळापासून सुमारे ११ किलोमीटरवर, उपकरणे घडविण्याचा एक स्वतंत्र विभाग निघाला. डॉक्टर, इंजिनिअर आणि रसायनशास्त्रज्ञ एका संस्थेच्या छपराखाली आले. १९८० साली संसदेने कायदा करून या संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले, आणि ती आरोग्य खात्याकडे न जाता केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे गेली. हा तपशील रुक्ष वाटेल, पण आमच्या मते तो फार महत्त्वाचा आहे. आरोग्य खात्याला उद्याचे रोगी दिसतात आणि ते दिसलेच पाहिजेत. संशोधनाच्या खात्याला मात्र दहा वर्षे थांबण्याची मुभा असू शकते.

आणि थांबावे लागलेच. आराखडा असा होता की एका गोल कडीत एक चकती बसवावयाची, ती प्रत्येक ठोक्याला कलून रक्ताला वाट देईल आणि पुन्हा मिटेल. पहिल्या नमुन्यात चकती धरणारे आधार कडीला जोडलेले होते. यंत्रावर भराभर उघडझाप करून पाहिल्यावर तो जोडच दगा देऊ लागला. दुसऱ्या नमुन्यात जोड काढून टाकला आणि कडी एकसंध टिटॅनियममधून कोरली; तर घासून घासून ती झिजू लागली. तिसऱ्या वेळी अधिक कठीण मिश्रधातू घेतला आणि चकती कृत्रिम नीलमण्याची केली. यंत्रावर ती उत्तम ठरली, पण मेंढीच्या हृदयात बसविल्यावर चकतीच भंगली. वर्षे गेली, पैसा गेला, आणि हाती तीन मोडके नमुने राहिले.

अशा वेळी पैसा देणारा मार्चअखेर काय विचारतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ‘यंदा काय निष्पन्न झाले?’ या प्रश्नाला तिरुवनंतपुरमच्या मंडळींचे प्रामाणिक उत्तर ‘झडप मोडली’ असे होते. ते त्यांना देता आले आणि तरीही काम चालू राहिले, यातच या हकिगतीचे सार आहे. त्याच दशकात परदेशात काय घडले ते शेजारी ठेवून पाहावे. तेथील एका नामांकित झडपेचा जोड दिलेला आधार रुग्णांच्या हृदयात तुटू लागला, माणसे दगावली, आणि अखेर १९८६ साली तिची विक्री थांबवावी लागली. जोड दोन्हीकडे तुटला; एकीकडे तो प्रयोगशाळेतील यंत्रावर तुटला, दुसरीकडे माणसाच्या छातीत. प्रयोगशाळेत तुटू देण्यास पैसा लागतो, वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे तुटल्याचे सांगण्याची मोकळीक लागते.

चौथ्या नमुन्यात कडी त्या कठीण मिश्रधातूचीच ठेवली आणि चकती अतिशय घट्ट, चिवट अशा पॉलिएथिलीन प्लॅस्टिकची केली. कठीण नीलमणी जेथे हरला तेथे मऊ प्लॅस्टिक टिकले. शिवाय झडप मिटतानाचा आवाजही कमी झाला. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसली. त्यानंतरही घाई झाली नाही. देशातील ६ संस्थांत मिळून ३०६ रुग्णांवर तिची पारख झाली. १९९५ च्या सुमारास ती मद्रासच्या टीटीके उद्योगसमूहामार्फत बाजारात आली. ज्या समूहाचे प्रेशर कुकर आपल्या स्वयंपाकघरांत शिट्या देतात, तोच हा समूह. परदेशी झडपेपेक्षा ती बरीच स्वस्त पडली, आणि पुढील काही दशकांत ती बसविलेल्या रुग्णांची संख्या लाखाच्या पुढे गेली. डॉ. वलियाथन २०२४ साली वारले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. ऱ्हुमॅटिक तापाला पेनिसिलिन आहे. घसा धरला तेव्हाच औषध दिले, आणि एकदा ताप येऊन गेलेल्या मुलांना तीन-चार आठवड्यांनी नियमित सुई टोचली, तर झडप बहुधा बिघडतच नाही. मग झडपेवर पैसा घालण्यापेक्षा तो खेड्यांतील दवाखान्यांवर का घालू नये? आम्हांस हा आक्षेप मान्य आहे. सुई झडपेहून स्वस्त आहे आणि तिचा मान पहिला आहे. परंतु ज्या तरुणीची झडप आजच निकामी झाली आहे, तिला उद्याच्या सुईचा काय उपयोग? शिवाय झडपेसाठी जो पैसा गेला तो केवळ झडपेत गेला नाही. पदार्थ रक्ताला मानवतो की नाही हे पारखण्याची विद्या, प्राण्यांवरील प्रयोगांची शिस्त आणि हात बसलेली माणसे त्यातून तयार झाली. प्लॅस्टिकची रक्तपिशवी त्याच संस्थेत विकसित झाली आणि १९८० च्या दशकात तेथीलच एका नव्या कारखान्याकडे गेली. काचेच्या बाटलीतून रक्त देण्याचे दिवस त्यामुळे मागे पडू लागले. तीन मोडक्या नमुन्यांचा जमाखर्च मांडताना ही जमाही मांडली पाहिजे.

या कामाला राजघराण्याने वास्तू दिली, राज्याने आरंभीचा भार उचलला, केंद्राने दीर्घकाळ पोसले, आणि उद्योगपती आला तो शेवटी. हा क्रम उलटा असता तर चौथा नमुना झाला असता असे आम्हांस वाटत नाही. नफ्याचा विचार करणाऱ्याने दुसऱ्या अपयशालाच हात आखडला असता, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. तो धोका समाजानेच, म्हणजे आपण कर भरणाऱ्यांनी, पत्करावयाचा असतो.

म्हणून आमची एक विनंती आहे. आपल्या गावच्या इस्पितळात किंवा आपल्या विद्यापीठात नव्या उपकरणासाठी पैसा मागितला गेला, तर हिशेब जरूर मागावा. काय मोडले, का मोडले, आणि ते माणसावर लावण्याआधी मोडले की नंतर, हेही विचारावे. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर सरळ मिळाले आणि तिसऱ्याचे ‘आधी’ असे आले, तर मोडल्याबद्दल रागावू नये, आणि पुढील वर्षाची वर्गणी थांबवू नये.