ग्रीक भाषेतला फुरसतीचा धडा



कोणत्याही परक्या भाषेचे संभाषणाचे पुस्तक उघडा. आरंभी नाव-गाव असते, मग घरची माणसे, मग बाजारहाट. आणि सहाव्या-सातव्या धड्याच्या सुमारास एक प्रश्न हटकून येतो : फावल्या वेळात तुम्ही काय करता? आजचे व्याख्यान त्या एका प्रश्नाविषयी आहे, आणि तो ग्रीक भाषेतून विचारलेला आहे. कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस सोडून ग्रीक लोकांच्या छंदांवर का बोलावे, असे कोणाच्या मनात येईल. पण 'फावला वेळ' हे दोन शब्द कामगाराच्या तोंडी यायला किती वर्षे भांडावे लागले, याचा हिशेब आमच्याच वहीत असतो. ग्रीक भाषेने तो हिशेब आपल्या शब्दांत जपून ठेवला आहे.

आपल्याकडे ग्रीक शिकणे म्हटले की पंडिता रमाबाई आठवतात. केडगावच्या मुक्तिमिशनात राहून त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या, मूळ ग्रंथांवरून बायबल सोप्या मराठीत आणले, आणि ते काम हातावेगळे करून १९२२ साली वारल्या. त्यांचे ग्रीक धर्मग्रंथाचे, दोन हजार वर्षांपूर्वीचे. आपण पाहणार आहोत ते आजचे, अथेन्सच्या चहाकॉफीच्या दुकानात बोलले जाणारे. त्यात तोच प्रश्न असा विचारतात : ती कानिस स्तोन एलेफ्थेरो ख्रोनो सू? 'एलेफ्थेरो' म्हणजे मुक्त, स्वतंत्र. 'ख्रोनो' म्हणजे काळ. गुलाम नसलेल्या माणसाला लावायचे तेच विशेषण ग्रीक माणूस वेळेला लावतो. (ग्रीक लिपीत प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखे दिसते. नवख्याला वाटते, वाक्य अजून संपलेच नाही.)

आता उत्तर. इंग्रजी शिकताना आपल्या मुलांची इथेच पहिली ठेच लागते, कारण इंग्रजीत 'मी' कर्ता होऊन पुढे उभा राहतो. ग्रीकमध्ये तसे नाही. 'मू आरेसी ई मूसिकी' म्हणजे 'मला संगीत आवडते'. संगीत हा कर्ता, आणि मी बाजूला उभा. वस्तू अनेक झाल्या की क्रियापद अनेकवचनी होते : 'मू आरेसून ता विव्लिआ', 'मला पुस्तके आवडतात'. आवडते-आवडतात, आरेसी-आरेसून. आपल्या अक्कलकोटच्या आठवडी बाजारात कानडीत 'ननगे हाडु इष्ट' ऐकू येते, आणि सोलापूरच्या विणकरांच्या घरी तेलुगूत 'नाकु पाटलु इष्टं'. 'ननगे' आणि 'नाकु' दोन्हींचा अर्थ 'मला'. तेव्हा या तालुक्यातल्या दुभाषी-तिभाषी माणसाला ग्रीक आवडीनिवडी बोलायला मुंबईच्या इंग्रजी शाळेतल्या मुलापेक्षा कमी कष्ट पडावेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. आपण 'वाचायला आवडते' म्हणतो. ते कोणाचेही असो, 'वाचायला' बदलत नाही. आजच्या ग्रीकमधून असे रूप नाहीसे झाले आहे. 'मला वाचायला आवडते' हे 'मू आरेसी ना द्यावाझो', आणि 'तुला वाचायला आवडते' हे 'सू आरेसी ना द्यावाझिस'. शब्दशः, मी वाचतो हे मला आवडते, तू वाचतोस हे तुला आवडते. कोण वाचतो हे सांगितल्याशिवाय वाचनाच्या आवडीचे नावच घेता येत नाही.

खरी मौज पुढे आहे. छंदाला आजचे ग्रीक लोक 'होबी' म्हणतात, म्हणजे आपल्यासारखाच इंग्रजीचा उसना शब्द. पण त्यांचा घरचा शब्दही आहे, 'आस्खोलिआ'. मनपसंत उद्योग सांगताना तो वापरतात. त्याचा उगम पाहा. जुन्या ग्रीकमध्ये 'स्खोले' म्हणजे फुरसत. तिला नकाराचा 'अ' लावला की 'आस्खोलिआ', म्हणजे फुरसत नसणे, अर्थात कामधंदा. आपण कामाला मूळ धरतो आणि काम नसेल त्याला रिकामा म्हणतो. त्यांनी उलट केले. मूळ धन फुरसत, आणि काम म्हणजे तिचा अभाव. ॲरिस्टॉटलने तर माणूस फुरसत मिळावी म्हणूनच राबतो, असे प्रतिपादन केले. त्या फुरसतीत लोक चर्चा करीत, शिकत; म्हणून 'स्खोले'चा अर्थ हळूहळू विद्येचे ठिकाण असा झाला, आणि लॅटिनमधून फिरत तो इंग्रजीत 'स्कूल' होऊन आपल्या गल्लीपर्यंत आला.

आणि याच मुळापासून आजच्या बोलीत एक क्रियापद आहे, 'स्खोलाओ'. त्याचा अर्थ कामावरून सुटणे. संध्याकाळी एक कामगार दुसऱ्याला विचारतो, 'ती ओरा स्खोलास?' म्हणजे 'किती वाजता सुटतोस?' सोलापुरात १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा ज्यांच्या वाडवडिलांनी ऐकला, त्यांना हे समजावून सांगायला नको. आपणही गिरणी सुटली म्हणतो, शाळा सुटली म्हणतो.

पण ग्रीकांची फार आरती ओवाळायचे कारण नाही. ती जुनी फुरसत गुलामांच्या पाठीवर उभी होती, आणि ॲरिस्टॉटलला ते ठाऊक होते. त्याने लिहून ठेवले आहे की धोटा जर आपोआप विणू लागला, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. सोलापूरच्या यंत्रमागावर धोटा आपोआप पळू लागला त्याला कितीतरी वर्षे झाली. माणूस त्या मागाशेजारी बारा-बारा तास उभा राहिला.

आपल्या भाषेचा हिशेब वेगळा आहे. 'छंद' हा शब्द मोठा घरंदाज, कवितेच्या वृत्तालाही तोच. पण त्याचा 'छंदीफंदी' व्हायला वेळ लागत नाही. 'नाद' म्हणजे ध्वनी, पण नादी लागलेला मुलगा म्हणजे बिघडलेला मुलगा. रिकाम्या न्हाव्याने भिंतीला तुंबड्या लावल्याची म्हण आपण हसून सांगतो. त्याला गिऱ्हाईक का नव्हते, हे कोणी विचारीत नाही. माझ्या पाहण्यात तर असे आले आहे की श्रीमंताच्या छंदाला शौक म्हणतात आणि गरिबाच्या छंदाला नाद. आपल्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह पाहायला परगावचे लोक येतात आणि राजांच्या शौकाची वाहवा करतात. करावीच, संग्रह तसाच आहे. पण तेरचे रामलिंगप्पा लामतुरे गावच्या पांढरीतून नाणी, मणी, मातीच्या मूर्ती वेचीत, तो छंदही थोर होता. त्यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे. तेथली हस्तिदंती बाहुली पाहून विद्वानांना इटलीतल्या पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची आठवण होते. आणि तेर म्हणजेच तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत 'पेरिप्लस' लिहिले, त्यात पैठण आणि तगर ही दोन नावे आहेत. तगराहून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई, असे तो सांगतो. आपल्या भागाची ग्रीकांना पहिली ओळख झाली ती अशी, कापडावरून. ते विणणारा संध्याकाळी काय करीत असे, हे त्या व्यापाऱ्याने लिहिलेले नाही.

विणणाऱ्याच्या संध्याकाळीची लेखी मागणी फार उशिरा झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो अर्ज केला, त्यात काय होते? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार. सूर्यास्तानंतर दिवा लावून काम नको, एवढे मागायलाही सभा घ्यावी लागली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन बाया बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचाही वार. पुढल्या वर्षी आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. त्यानंतरचा प्रवास मुंगीच्या पावलांनी झाला : १९११ साली कापडगिरणीतल्या पुरुषाला दिवसाला १२ तास, १९२२ साली आठवड्याला ६०, १९३४ साली ५४, आणि १९४६ साली ४८. त्या ४८ तासांवर १९४८ च्या कारखाना कायद्याने शिक्कामोर्तब केले. तो कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितेत विलीन झाला.

ग्रीस आणि आपण या वाटेवर एकदा एकाच कागदावर भेटलो आहोत. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे गेले होते. परिषदेने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांचा करार केला. त्यातले कलम १० वाचावे : ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र ६० तासांचे तत्त्व राहील. एक कलम सोडून कलम १२ मध्ये ग्रीसचे नाव. त्यांच्या कातडी कमावणाऱ्या, छापखान्यांतल्या, गोदीतल्या कामगारांना आठ तास लगेच नाहीत, काही वर्षांची मुदत. ग्रीसने तो करार १९२० साली स्वीकारला, हिंदुस्थानने १९२१ साली. फरक एवढाच की त्यांना मुदत मिळाली, आणि आपल्याला बारा तास जास्त.

शंभराहून अधिक वर्षांनी ही दोन नावे पुन्हा जवळ आली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्रीसच्या संसदेने एकाच मालकाकडे वर्षातले काही दिवस १३ तास काम करू देणारा कायदा संमत केला. ग्रीक कामगारांनी त्या महिन्यात दोनदा सार्वत्रिक संप केला, तरी तो संमत झाला. जादा तासांना जादा दाम आहे, कामगाराची संमती आहे, असे दोन्हीकडे सांगितले जाते. संमती कशी घेतली जाते हे मी तीसएक वर्षे जवळून पाहत आलो आहे. ते एका वेगळ्या व्याख्यानाचे काम आहे.

आता राहिल्या घरी बसून विडी वळणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या बाया. त्यांना 'ती ओरा स्खोलास?' विचारले तर काय सांगतील? कायद्याने तास मोजले ते कारखान्याच्या छपराखालचे. घरच्या सुपातले पान आणि तंबाखू हजाराच्या हिशेबाने मोजली जाते, आणि हजार भरेपर्यंत स्वयंपाक, पाणी, पोरेबाळे सगळे त्यातच. त्यांच्यात गाणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. बोटे सुतावर आणि ओठांवर ओवी किंवा सिनेमातले गाणे, असे कोणत्याही गल्लीत दुपारी ऐकावे. त्यांच्यापैकी एखादीला तो ग्रीक धडा शिकवायचा झाला तर 'मू आरेसी ई मूसिकी' ती पहिल्या दिवशी म्हणेल, कारण वाक्याची घडण तिच्या मराठीची, कानडीची, तेलुगूचीच आहे. पुढचे 'स्तोन एलेफ्थेरो ख्रोनो मू', म्हणजे 'माझ्या मोकळ्या वेळात', एवढे मात्र तिला तूर्त गाळावे लागेल.