बोटीवर चढण्याआधी वाइन घ्यायची कुठे? एका किरकोळ प्रश्नाचा इतिहास



विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस आणि वाइनच्या खरेदीवर व्याख्यान! पण प्रश्न आपल्याच तालुक्यातला आहे. आता आपल्याकडची मंडळी क्रूझवर जातात. कोणी मुंबईहून गोव्याला, कोणी सिंगापूरला जाऊन तिथून, कोणी अमेरिकेतल्या लेकीकडे गेल्यावर तिकडून. मग निघण्याआधी घरात चर्चा होते. सोबतची बाटली विंचूरहून घ्यायची, मुंबईतल्या दुकानातून, विमानतळावर, की सरळ बोटीवरच? व्यवहाराचं उत्तर आपण शेवटी देऊ. पण ते उत्तर असंच का आहे, हे कळायला तीनेकशे वर्षं मागं जावं लागतं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बोटीवर चढणाऱ्या माणसानं वाइन कुठे घ्यायची, हे त्याच्या आवडीनं फारसं ठरलेलं नाही. ते बंदरानं, करानं आणि कायद्याच्या हद्दीनं ठरलं आहे. जो हद्दीवर बसला, त्याचा धंदा झाला. द्राक्ष पिकवणारा मात्र नेहमी हद्दीपासून लांब राहिला.

शिडाच्या जहाजांचा काळ घ्या. युरोपातून हिंदुस्थानात यायला सहा-सहा महिने लागत. पिंपातलं पाणी खराब व्हायचं, म्हणून वाइन ही तेव्हा चैनीइतकीच गरजेची वस्तू होती. लंडनहून मुंबईला निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं वाटेत मडेरा बेटावर थांबून वाइनची पिंपं भरून घेत. मडेरा का? ते बेट वाटेत होतं म्हणून. पुढे एक गंमत लक्षात आली. उष्ण कटिबंधातून हेलकावे खात फिरून आलेलं पिंप बिघडण्याऐवजी जास्त रुचकर लागतं. मग काही पिंपं मुद्दाम समुद्रावर फिरवून आणू लागले. सोयीसाठी धरलेली वाट पुढे आवड होऊन बसली, ती अशी.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. १६५२ मध्ये डच कंपनीनं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, ठाणं वसवलं ते जहाजांना भाजी, मांस आणि पाणी पुरवायला. तिथल्या प्रमुखानं, यान व्हान रीबेकनं, युरोपातून वेली मागवल्या आणि फेब्रुवारी १६५९ मध्ये केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली. म्हणजे आज जगभर विकली जाणारी दक्षिण आफ्रिकेची वाइन मुळात एका वाटेवरच्या दुकानापासून सुरू झाली. गिऱ्हाईक आधी आलं, बाग नंतर. आपल्याकडे नेमकं उलट झालं. त्याकडे येतोच.

आता मुंबईत येऊ. १ ऑगस्ट १९३९ रोजी, खेर मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई शहरात दारूबंदी आली. त्या खात्याचे मंत्री होते डॉ. गिल्डर. ती फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला आणि बंदी राज्यभर पसरली. फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे गृहस्थ या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले. घरात व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि ऑ द कोलोन बाळगण्याचा आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. औषधं आणि प्रसाधनांतल्या मद्यार्काबाबतची कलमं रद्द झाली, बाकी कायदा बहुतांशी टिकला. त्या कायद्यात युद्धनौका, सैनिकी जहाजं आणि परदेशी पाहुणे यांना सवलतीची तरतूद होती, तीही न्यायालयानं मान्य केली.

इथं क्षणभर थांबू. तीच वस्तू, तेच शहर. धक्क्यावर उभा असलेला कारकून ती प्यायला तर गुन्हा, आणि समोर नांगरलेल्या युद्धनौकेवर तीच परवानगीनं चालते. वस्तूत दोष असेल तर तो दोन्हीकडे सारखाच असायला हवा. म्हणजे कायद्याला तरी दोष वस्तूपेक्षा जागेत आणि माणसात दिसत होता. आम्ही इथं दारूबंदीची थट्टा करत नाही. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं या तालुक्यात कमी नाहीत आणि बंदीमागची कळकळ खरी होती. पण नीतीची रेघ नकाशावर ओढली, की माणसं नीतीकडे बघायचं सोडून नकाशाकडे बघू लागतात.

आणि नकाशावर होता गोवा. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तिथं पोर्तुगीज राज्य. बंदी नाही, आणि पोर्तुगालची वाइन बाजारात मिळे. गोवा मुक्त झाल्यावरही तिथले कर कमीच राहिले. पुढे ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी मुंबई-पणजी फेऱ्या करू लागल्या. पावसाळ्यात बंद, एरवी कोकणी माणसांनी, पेट्याऱ्यांनी, फणस-आंब्यांनी भरलेल्या. बोटीवर चढण्याआधी बाटली कुठे घ्यायची, हा प्रश्न त्या प्रवाशांना पडतच नव्हता. पणजीला! प्रश्न एवढाच, की मुंबईच्या धक्क्यावर ती पेटीतून सुखरूप उतरेल का.

वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, पण कायदा गेला नाही. नाव बदलून तो आजही लागू आहे, आणि कागदोपत्री प्यायला परवाना लागतोच. ‘परमिट रूम’ हा शब्द आपल्या भाषेत राहिला तो त्यातूनच. तशीच दुसरी पाटी, ‘वाइन शॉप’. आत जाऊन बघा. व्हिस्की, रम, बिअर यांनी फळ्या भरलेल्या, आणि वाइन कुठेतरी कोपऱ्यात, उन्हाच्या तिरिपेत उभी. ज्या तालुक्यात द्राक्षं पिकतात, तिथं वाइनचं नाव पाटीवर आणि माल दुसराच, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आता आपला तालुका. ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षं लावली, असं सांगतात. तिथून नाशिकची द्राक्षशेती वाढली. ही खायची द्राक्षं. वाइनची वेगळी. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ, शिराझ, काबर्ने. मणी लहान, साल जाड, बी असलेली. बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. हा फरक शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल, शेतकऱ्याच्या जिवावरचा आहे. थॉम्सनला एका व्यापाऱ्यानं भाव नाही दिला तर दुसरा येईल, नाहीतर बेदाणा करता येईल. वाइनच्या द्राक्षाला वायनरीशिवाय दार नाही.

१९८० च्या दशकात पिंपळगाव बसवंतला ‘पिंपेन’ ही फसफसणारी वाइन निघाली, तिकडे नारायणगावची ‘ओमर खय्याम’. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात माफी दिली, आणि आपल्या विंचूरला वाइन पार्क आली. शेतकऱ्यांनी कर्ज काढून वेली बदलल्या. मग २००८ ची जागतिक मंदी, त्याच नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. पुढच्या दोन-तीन हंगामांत किती तरी बागाईतदारांचे पैसे अडकले आणि वाइनच्या वेली कुऱ्हाडीनं तोडाव्या लागल्या. केपला गिऱ्हाईक आधी होतं. आपण बाग आधी लावली आणि गिऱ्हाईक शोधायला निघालो.

जानेवारी २०२२ मध्ये एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. त्यावर वादळ उठलं, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अंमलात आला नाही. दोन्ही बाजूंची कळकळ आपण समजू शकतो. आपल्याकडे तर दोन्ही बाजू एकाच घरात असतात. गळ्यात तुळशीची माळ, थेंबाला शिवत नाही, आणि बाग वायनरीशी करारावर. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. पण तो द्राक्ष विकतो, आणि मुलीचं शिक्षण त्याच्यावर चाललेलं असतं.

१८४२ मध्ये याच निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती रानडे १८९२ साली डेक्कन कॉलेजात अर्थशास्त्रावर बोलले होते. त्यांचं दुखणं असं, की आपण कच्चा माल पिकवायचा, तो परक्यांच्या जहाजांतून बाहेर जायचा, आणि पक्का होऊन आपल्यालाच विकला जायचा. आज आपली द्राक्षं थंड कंटेनरमधून न्हावा शेव्याहून युरोपला जातात. तिथून जवळच बॅलार्ड पियरहून क्रूझ सुटते. तिच्यावरच्या वाइनच्या यादीत नाशिकचं नाव किती ओळींत आहे, हे पुढच्या वेळी मोजून बघा. जहाजं बदलली, हिशेब तपासायचा राहिलाच.

आता कबूल केलेलं उत्तर. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर बाहेरची दारू सहसा नेऊ देत नाहीत, तपासणीत काढून ठेवतात. तेव्हा बाटली नेण्याचा खटाटोप करू नका. बोटीवर नाशिकची वाइन मागा. नसेल तर का नाही, असं विचारा आणि अभिप्रायाच्या कागदावर लिहा. अनेक परदेशी क्रूझ कंपन्या पहिल्या दिवशी प्रत्येक प्रौढाला एक बाटली वाइन नेऊ देतात. नियम आधी वाचा, बाटली उघडायचं शुल्कही विचारा. ती बाटली इथूनच, वायनरीच्या दारातून घ्या. विमानात हातातल्या पिशवीत चालणार नाही. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घाला. पावती जपा. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. मडेराला जे मानवलं ते आपल्या शेनिनला मानवत नाही.

राज्यात वाइनवर वीस टक्के व्हॅट आहे आणि त्यातले सोळा टक्के उत्पादकाला परत देण्याची सरकारची योजना आहे. म्हणजे इथल्या बाटलीसाठी सरकारनंही हात आखडता घेतलेला नाही. एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षं लागतात. दारातून घेतलेल्या बाटलीचे पैसे त्या किलोच्या मालकापर्यंत पोचायला मधले हात कमी लागतात, एवढंच आमचं सांगणं. जे पीत नाहीत त्यांनी प्यायला लागावं, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांनी बेदाणे न्यावेत. ते कुठल्याही हद्दीत चालतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.